एकशे चौदा नंबरचा व्हॉल्व्ह

१२ ऑगस्ट १९८३, शुक्रवार

डबा खाऊन झाला, कारखान्यात करण्यासारखं काही नाही, म्हणून ही वही उघडली. एका गिरणीच्या खरेदी खात्याने दिवाळीला दिलेली जुनी डायरी आहे. वार जुळत नाहीत, खोडून वापरतोय. गिरणीला टाळं लागलं, डायरी तेवढी उरली.

कारखाना म्हणजे साकीनाक्याला एक पत्र्याची शेड, दोन लेथ, एक ड्रिल आणि व्हॉल्व्ह तपासायचं एक टेस्ट बेंच. नऊ माणसं होती, आता चार. वीस वर्षं गिरण्यांना वाफेचे व्हॉल्व्ह पुरवले. संप झाला तेव्हा मीच सगळ्यांना ठासून सांगितलं होतं, दोन महिन्यांत मिटतो बघा. दीड वर्ष उलटलं. माझ्या भाकितांची ही गत.

नलिनी म्हणते, शेड विका आणि मुलुंडला घरी बसा. घरी बसून काय करू, तिच्या डब्यांना झाकणं लावत बसू?

२० ऑगस्ट, शनिवार

देव आहे! वांद्र्याचे श्यामसुंदर म्हणून एक गृहस्थ आले. परदेशी माल पाठवण्याची दलाली करतात. सफारी सूट, बोलणं लोण्यासारखं. एकशे वीस व्हॉल्व्ह हवेत, आतून टेफ्लॉनचं अस्तर लावलेले. माल इराकला जाणार, तिथे शेतीच्या कीटकनाशकांचा कारखाना उभा राहतोय.

मी म्हटलं, "तिकडे लढाई चाललीय ना इराणशी?"

"मार्तंडराव, लढाई चालू असली म्हणून माणसं जेवायची थांबतात का? गव्हाला कीड लागतेच."

पटलं. अट एकच, व्हॉल्व्हवर आपल्या कारखान्याचं नाव नको, नुसता नंबर ठोकायचा. कारखान्याला पोरीचं नाव दिलंय, उत्तरा इंजिनिअरिंग. नाव काढायचं जरा जिवावर आलं. पण गिऱ्हाईकाची मर्जी.

६ सप्टेंबर, मंगळवार

काल घरी ड्रॉइंगचे कागद पसरून बसलो होतो. उत्तरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकते, त्यामुळे तिला सगळं कळतं असा तिचा समज आहे. कागदावर 'आतून वाहणारा द्रव' असा एक रकाना आहे, त्यावर काळी शाई फिरवलेली. तिने नेमकं त्यावर बोट ठेवलं.

"बाबा, हे का खोडलंय?"

"धंद्याचं गुपित असतं."

"फवारायचं औषध शेतकरी हाताने कालवतो. त्याला एवढं जाड अस्तर कशाला लागतं?"

मी म्हटलं, आधी परीक्षा पास हो, मग मला शिकव. तोंड फुगवून आत गेली. आईवर गेलीय अगदी.

चंदर मात्र कामाला लागलाय. चंदर माझा फिटर, वेसाव्याचा कोळी. होडीत बसला की ओकायचा, म्हणून बापाने सतराव्या वर्षी माझ्याकडे आणून सोडला. कोळ्याचं पोर आणि त्याला समुद्र लागतो! अजून सगळे चिडवतात. पण हात असा की बघत राहावं. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती आवळलेली पट्टी असते, तिला आम्ही ग्लँड म्हणतो. गळती व्हायची तर तिथूनच होते. गिरणीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मला शिकवलं, ते मी चंदरला शिकवलं. व्हॉल्व्हमध्ये दाबाने हवा भरायची, गाल पाण्याने ओला करायचा आणि ग्लँडला अगदी चिकटवून धरायचा. केसाएवढी जरी हवा निसटली तरी गालाला गार लागतं. दाब मोजायच्या गेजला कळत नाही ते चंदरच्या उजव्या गालाला कळतं. मी बढाई मारत नाही, वीस वर्षांत आपला एक व्हॉल्व्ह परत आलेला नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार, खंडेनवमी

सकाळी हत्यारांची पूजा झाली. लेथ, ड्रिल, बेंच, पाने, हातोड्या, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. पूर्वी लोक तलवारी पुजत, आम्ही पाने पुजतो. चंदरने हौसेने तयार व्हॉल्व्हच्या पेट्यांनाही फुलं वाहिली. पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, हा माझ्या वडिलांपासूनचा नेम. माणसं प्रसाद घेऊन अकराला घरी गेली.

बारा व्हॉल्व्ह तपासायचे राहिले होते, एकशे नऊपासून एकशे वीसपर्यंत. चंदर जाता जाता म्हणाला, "शेट, सोमवारी पहिलं ते बारा करतो." मी म्हटलं बरं.

दुपारी ट्रक दारात. जहाजाची तारीख अलीकडे आली म्हणे, माल आजच गोदीत पाहिजे. श्यामसुंदर स्वतः आले होते, घड्याळ बघत. बेंचवर झेंडूची माळ, कुंकू अजून ओलं. काय करू? पूजा मोडू? एकशे आठ तपासले ते सगळे पास. उरलेले बारा त्याच हातांचे, त्याच लेथवरचे. तपासणीच्या दाखल्यांवर सही केली आणि पेट्या चढवल्या. उगाच मनाला लावून घेण्यात अर्थ नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार

चंदरने आल्या आल्या विचारलं, "शेट, ते बारा?"

मी म्हणून गेलो, "ट्रक आला म्हणून मीच तपासले. गाल लावून. सगळे पास."

"पूजा मोडलीत?" त्याने कानाला हात लावले.

"मोडली. काय करतोस आता?"

त्याने बेंचसमोर उदबत्ती लावून माझ्या वतीने नमस्कार केला आणि कामाला लागला. एवढंसं खोटं, पण दिवसभर गाल चुरचुरत होता. मनाचे खेळ!

१२ डिसेंबर, सोमवार

श्यामसुंदर पेढे घेऊन आले. माल पोचला, गिऱ्हाईक खूश. आता त्यांना व्हॉल्व्ह बसवून द्यायला एक माणूस हवाय, सहा महिन्यांसाठी. मागे मी चंदरच्या गालाची गोष्ट त्यांना रंगवून सांगितली होती, ती यांनी तिकडे कळवली. त्यांना तोच पाहिजे.

चंदर कां-कूं करतो. आई एकटी पडेल म्हणतो. मी त्याला झापलं, "अरे, विमानाने जाशील, विमानात लाटा नसतात. आणि पुढची ऑर्डर यावरच आहे. चार घरं यावर चालतात." हे शेवटचं बोलायला नको होतं. पण खरं तेच होतं.

२४ जानेवारी १९८४, मंगळवार

चंदर गेला. सहारच्या विमानतळावर त्याची आई पुतळाबाई आली होती, मासळीची पाटी उतरवून तशीच. सुक्या बोंबलांचं पुडकं त्याच्या बॅगेत कोंबलं. मग माझ्याकडे वळली.

"शेट, माजा एकलाच पोर हाय. तू धाडतस, तूच मागारी आनायचा."

मी म्हटलं, "पुतळाबाई, जसा नेला तसा आणून देईन. माझी जबाबदारी."

"बोललास हां. दर्या ऐकतंय."

बाई काय वाट्टेल ते बोलतात. पण परत येताना नलिनीने तेच विचारलं, जबाबदारी म्हणजे नक्की काय करणार आहात?

२० फेब्रुवारी, सोमवार

चंदरचं पत्र. अक्षर कुत्र्याच्या पायाचं, पण मजकूर झकास. वाळवंट आहे, थंडी मरणाची. कारखान्याला तारेची तीन कुंपणं, दारावर सैनिक. लढाईचे दिवस, पहारा असणारच. लिहितो, 'गोरे इंजिनिअर आहेत ते आमच्यात जेवत नाहीत. मागे एका गोठ्यात गाढवं आणि कुत्री ठेवलीत. गाढवं दर आठवड्याला नवी येतात, जुनी कुठे जातात कळत नाही. आणि शेट, इथे सारखा लसणाचा वास येतो, पण आमच्या भाजीत लसूण नसतो.'

मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसलो. नलिनीही हसली. उत्तराने पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं.

"बाबा, त्याला परत बोलवा."

"का? लसूण नाही म्हणून?"

"गाढवांना कीड लागत नाही, बाबा."

हिला धड काही सांगता येत नाही, नुसतं कोड्यात बोलायचं.

२८ मार्च, बुधवार

सकाळी चहाच्या बशीखाली पेपर घडी घालून ठेवलेला. बातमीवर पेन्सिलीची रेघ. राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांना इराणमध्ये विषारी वायूच्या खुणा सापडल्या. इराणी शिपाई व्हिएन्नाच्या इस्पितळात आहेत, अंगभर फोड, डोळे गेलेले.

मी उत्तराला विचारलं, "हे मला कशासाठी?"

"तुम्हीच ठरवा."

माझा पारा चढला. म्हटलं, तुझ्या फीचे पैसे कुठून येतात माहीत आहे? ती म्हणाली, माहीत आहे, म्हणूनच. मी चहा तसाच टाकून उठलो.

कारखान्यात येऊन विचार केला. मी व्हॉल्व्ह करतो. विळी करणारा विळी करतो, तिच्याने कोणी काय चिरावं हे तो ठरवतो का? तरी श्यामसुंदरना फोन लावला. ते म्हणाले, पेपरवाल्यांना धंदा नाही, आणि चंदरची मुदत जुलैत संपतेय, येईल की. त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की मला बरं वाटलं.

११ जून, सोमवार

चंदरचं पत्र नाही, दोन महिने झाले. मधे भिवंडीच्या दंगलीत टपालाचा घोळ झाला असेल.

पुतळाबाई दर सोमवारी शेडच्या दाराशी येते. बोंबील नाहीतर मांदेली देते, पैसे घेत नाही. "पत्र?" एवढंच विचारते. नाही म्हटलं की पाटी डोक्यावर घेऊन जाते. मासळी घरी नेववत नाही आणि टाकवतही नाही.

३ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

जुलै गेला, ऑगस्ट गेला. श्यामसुंदर म्हणतात मुदत वाढवली. मी विचारलं, कोणी वाढवली? त्याने सही केली का? "मार्तंडराव, तिकडे युद्ध आहे, आपल्यासारखं अर्जविनंतीचं काम नाही." गेल्या वर्षी ऑगस्टला हाच गृहस्थ म्हणत होता, लढाई चालली म्हणून काय झालं.

आणि दुसरी ऑर्डर मी घेतलीय. दोनशे व्हॉल्व्ह. लिहितानाच लाज वाटते. माणसं चाराची सात झालीत. श्यामसुंदर म्हणाले, ही ऑर्डर गेली तर चंदरचं सुटणं सोपं होईल. म्हणजे काय, तो अडकलाय का? हे मी विचारलं नाही. भ्यालो.

पूजा केली. पेट्यांना फुलं वाहू दिली नाहीत. का, ते माणसांना सांगता आलं नाही.

१९ नोव्हेंबर, सोमवार

चंदर आला.

श्यामसुंदरनी नुसती विमानाची वेळ कळवली, म्हणून मी आणि पुतळाबाई सहारला गेलो होतो. बाहेर येणाऱ्या माणसांत मी त्याला शोधत होतो आणि तो माझ्या समोरून गेला. पुतळाबाईने ओळखला. तिने हाक मारली तेव्हा त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

उजवा डोळा पांढरा झालाय. उजव्या गालावर कातडी नाही असं म्हटलं तरी चालेल, तांबूस, चकचकीत, ताणलेली. मानेवर तसंच. डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं. चार पावलं चालला की खोकतो, आणि खोकला थांबेपर्यंत आपल्यालाच श्वास घेता येत नाही.

"शेट," म्हणाला आणि पाया पडायला वाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुतळाबाई रडली नाही. त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग मला म्हणाली, "आनलास. अर्धा आनलास." टॅक्सीत मला बसू दिलं नाही.

२६ नोव्हेंबर, सोमवार

आज पुतळाबाई आली नाही. चंदर आला, बसने, एकटा. नको म्हटलं तरी बेंचसमोर स्टुलावर बसला. मी विचारलं नव्हतं, त्याने आपणच सांगितलं.

एप्रिलात आपल्या व्हॉल्व्हमधून पहिल्यांदा खरा माल सोडला. तोवर नुसती हवा आणि पाणी. गोरे इंजिनिअर काचेमागे गेले. एकाने याला रबरी मुखवटा दिला आणि एकशे चौदाकडे बोट दाखवलं, त्याच्या खाली थेंब जमत होते. 

"मी मुखवटा घातला नाय शेट. मुखवटा घालून गालाला कसं कळणार? आनि एकशे चौदा म्हणजे तुमी स्वतः तपासलेला. माझा असता तर घाबरलो असतो. म्हटलं, शेटचा आहे, वरून पाणी ठिबकत असेल. गाल ओला केला आनि लावला."

तेव्हा काहीच झालं नाही. थोडा लसणाचा वास. गार लागलं, गळती होती एवढं कळलं. पाना घेऊन त्याने ग्लँड आवळली. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, सकाळी गालाचा फोड नारळाएवढा.

"प्रवासात सैल झाला असणार," तो मला समजावत होता. "जहाजात आदळआपट होते. तुमचा गाल चुकायचा नाय. नायतर पूजा मोडली त्याचं असेल. ते मी तिथे देवाला सांगितलं, की शेटला काय करू नको, त्यांचा नाइलाज होता."

मी उठून नळाशी गेलो आणि तोंड धूत राहिलो. बोललो नाही. आजही बोललो नाही.

४ डिसेंबर, मंगळवार

भोपाळ. पेपर हातात धरवत नाही. रस्त्यात माणसं, मुलं, गुरं पडलेली. कीटकनाशकाच्या कारखान्यातून वायू सुटला.

शेडमध्ये सगळे गोळा होऊन वाचत होते. चंदरने फोटो डाव्या डोळ्याशी नेला, अगदी नाकाला लागेल इतका जवळ.

"असंच," तो म्हणाला. "गोठ्यातली गाढवं अशीच पडायची. पाय असेच. गोरे घड्याळ लावून बघायचे, किती वेळात पडतात."

लेथ बंद होता.

घरी उत्तराला विचारलं. या वेळी मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, भोपाळला खरंच पिकांचं औषध करत होते. तो अपघात होता. तिकडे पिकं नव्हतीच." हे बोलताना तिने माझ्या हातावर हात ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

सव्वा वर्ष ही पोर मला सांगत होती. गाढवं, लसूण, पहारा, शाई फिरवलेला रकाना. सगळं मी स्वतःच्या हाताने या वहीत लिहिलंय. मागची पानं वाचली. गाढव कोण ते कळलं.

८ डिसेंबर, शनिवार

श्यामसुंदरना सांगितलं, दोनशे व्हॉल्व्ह देणार नाही. अस्तरं कापून काढायला काल सुरुवात केली. ते चिडले नाहीत, हसले. "मार्तंडराव, तुमच्या मागच्या गल्लीत तिघं हेच बनवतात. मी सोमवारी त्यांच्याकडे जाईन." जाईल. थांबवणारा मी कोण? जिथे पत्र लिहावं असं एकही ठिकाण मला माहीत नाही. माल रीतसर गेलाय, दाखल्यावर सही माझी आहे.

माणसांना पुढच्या महिन्यापासून काम बघा म्हणून सांगितलं. शेड विकायची. नलिनी जे सांगत होती तेच.

दुपारी शेडमध्ये चंदर आणि मी दोघंच. तो बेंचवर डावा गाल ओला करून बसला होता. मी म्हटलं, काय करतोस? म्हणाला, "उजव्याचं काम डाव्याला शिकवतोय. जमेल हळूहळू. तुमी दुसरं काय बनवाल तेव्हा लागेल ना."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

"चंदर, ते बारा मी तपासले नव्हते. बेंचला हात लावला नाही. नुसती सही केली. खोटं बोललो तुझ्याशी."

वाटलं, आता पाना उचलून मारेल. मारावा असं वाटत होतं. त्याने बाहीने गालावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "म्हणजे पूजा मोडली नव्हती."

"नाही."

"मी उगाच देवाला घाबरलो." खोकला आला, थांबला. "मला सांगितलं असतं तर मुखवटा घातला असता, शेट."

एवढंच. शिवी नाही, काही नाही. मी त्याचे पाय धरले, त्याने सोडवून घेतले. आईला सांगू नका म्हणाला, ती तुम्हाला जगू देणार नाही. मी म्हटलं, उद्या वेसाव्याला येऊन मीच सांगणार. त्याने शेवटी मान डोलावली.

नंतर मी अस्तरं कापत राहिलो आणि तो कापलेले तुकडे गोणीत भरत होता. मधेच हात थांबवून त्याने विचारलं, "बाकीचे एकशे आठ तिथे चालूच असतील ना?"

"ते तू तपासलेस."

"एकेक. गाल लावून."

"हो."

"मग ते गळायचे नाय," चंदर म्हणाला. इतकी वर्षं हे वाक्य तो छाती पुढे काढून बोलायचा. आज इतक्या हळू बोलला की मला पुन्हा विचारावं लागलं, आणि दुसऱ्यांदा त्याला ते बोलता आलं नाही.